जिम्नी : चार पिढ्या आणि एक पाठभेद

वाङ्मयेतिहासात ‘पिढी’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. साठोत्तरी पिढी, नव्वदोत्तरी पिढी असे म्हणताना एक सरली आणि दुसरी आली असे आपण गृहीत धरतो, आणि त्या सरण्याच्या तारखाही बहुधा सोयीने ठरवतो. मोटारनिर्मितीच्या व्यवहारात हाच शब्द अधिक काटेकोरपणे वापरला जातो. सुझुकी कंपनीच्या जिम्नी या छोट्या एसयूव्हीच्या आजवर चार पिढ्या झाल्या : १९७०, १९८१, १९९८ आणि २०१८. या तारखांबद्दल वाद नाही. तरीही या वाहनाचा इतिहास चाळताना, पिढीची ही सरळ रेषा त्याला पुरत नाही असे आम्हांला सतत वाटत राहिले.

मुळात ही कल्पना सुझुकीची नव्हेच. होप मोटर कंपनी नावाच्या एका लहानशा जपानी कारखान्याने १९६७च्या सुमारास ‘होपस्टार ओएन ३६०’ ही चारही चाकांना जोर देणारी चिमुकली गाडी तयार केली. तिचे इंजिन मित्सुबिशीचे होते. गाड्या बनल्या त्या अगदी मोजक्या. १९६८ साली सुझुकीने तिच्या निर्मितीचे हक्क विकत घेतले. हा आग्रह धरला तो ओसामु सुझुकी यांनी, कंपनीतील अनेकांचा विरोध पत्करून. पुढे अनेक दशके कंपनीची सूत्रे त्यांच्याच हाती राहिली.

१९७०च्या एप्रिलमध्ये आलेली ‘एलजे १०’ समजून घ्यायची तर जपानचा ‘केई’ वाहनांचा नियम ठाऊक असावा लागतो. त्या काळी लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर आणि इंजिन ३६० सीसी या मर्यादांत जी गाडी बसेल तिला कर वगैरे बाबतींत सवलती मिळत. ‘एलजे १०’ची लांबी होती २,९९५ मिलिमीटर, म्हणजे मर्यादेच्या आत केवळ ५ मिलिमीटर. एवढ्या मापात राहण्यासाठी स्टेपनी मागच्या बाजूला लटकवता येईना, म्हणून ती आत, मागच्या सीटच्या जागी ठेवण्यात आली. परिणामी गाडी तिघांचीच झाली. छंदाच्या मात्रा पुऱ्या बसाव्यात म्हणून कवीने एखादा शब्द गाळावा, तसा हा चौथा माणूस गाळला गेला. इंजिन टू-स्ट्रोक, हवेने थंड होणारे, २५ अश्वशक्तीचे. दारे नाहीत, वर कापडी हुड.

पुढे मर्यादा सैलावत गेल्या : १९७६ साली ५५० सीसी, १९९० साली ६६० सीसी. वाहनही त्या त्या मापाने वाढले आणि स्टेपनी मागच्या दारावर गेली. मात्र ज्या तीन गोष्टींनी जिम्नी ही जिम्नी ठरते त्या कायम राहिल्या : शिडीसारखी स्वतंत्र चासी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, आणि चढावर-चिखलात लावायचा ‘लो’ गिअर. बाकीच्या उत्पादकांनी छोटी एसयूव्ही म्हणजे मोटारीच्याच सांगाड्यावर उभारलेली उंच गाडी, असा सोपा मार्ग एव्हाना धरला होता. १९९४ सालची टोयोटाची ‘आरएव्ही ४’ त्या मार्गावरची महत्त्वाची गाडी.

या हट्टाला किंमत नव्हती असे नाही. अमेरिकेत दुसरी पिढी ‘सामुराई’ नावाने विकली गेली. १९८८ साली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ने, अचानक वळवल्यास ती उलटू शकते असे सांगून तिला ‘अस्वीकारार्ह’ ठरवले. सुझुकीने १९९६ साली खटला भरला. २००४ साली पैशांच्या देवाणघेवाणीविना तडजोड झाली. तोवर अमेरिकेतील तिची विक्री थांबून बरीच वर्षे लोटली होती.

आता पाठभेदाकडे येऊ. डिसेंबर १९८५मध्ये मारुती उद्योगाने हीच दुसरी पिढी, लांब चासीवर आणि ९७० सीसी इंजिनासह, भारतात आणली. नाव ठेवले ‘जिप्सी’. (मराठी वाचकाला हा शब्द पाडगावकरांच्या संग्रहामुळे आधीच परिचित होता, तो अर्थातच केवळ योगायोग.) १९९६ साली १.३ लिटरचे इंजिन आले आणि ‘जिप्सी किंग’ असे नामकरण झाले. १९९८ साली जपानात तिसरी पिढी अवतरली, कमानपाट्यांची जागा कॉइल स्प्रिंगांनी तर त्याआधीच घेतली होती. आपल्याकडे मात्र दुसरीच पिढी, कमानपाट्यांसकट, सैन्यात, पोलिसांत, जंगलखात्यात धावत राहिली. नागरिकांसाठी तिचे बुकिंग थांबले २०१९ साली. जपानात तोवर चौथी पिढी येऊन चुकली होती. मूळ संहिता बदलून गेल्यावरही एखाद्या प्रांतात जुनी पोथीच नकलली जात राहावी, तसा हा प्रकार. ताडोबात आजही पर्यटक ‘जिप्सी मिळाली का?’ असे विचारतात, तेव्हा त्यांना अनेकदा केवळ सफारीचे उघडे वाहन अभिप्रेत असते. विशेषनामाचे सामान्यनाम झाले, हे भाग्य मूळ ‘जिम्नी’ला भारतात लाभले नाही.

तिसरी पिढी आम्हांला स्वतःला सर्वांत कमी आवडते. काळाच्या रुचीप्रमाणे तिचे कोपरे गोलावले, आणि पुढे फोर-व्हील ड्राइव्हची दांडी जाऊन तिथे बटणे आली. ती वीस वर्षे टिकली, हेही खरे. जुलै २०१८मध्ये आलेल्या चौथ्या पिढीने मात्र पाऊल चक्क मागे टाकले. चौकोनी अंग परतले, गोल दिवे आणि त्यांच्या शेजारचे वेगळे गोल सिग्नल परतले, बटणे जाऊन दांडी पुन्हा आली. याला स्मरणरंजन म्हणावे का? काही अंशी निश्चितच. परंतु दांडी ही नुसती सजावट नव्हे. दुर्गम भागात काम करणाऱ्या माणसाला हातात गिअर पडल्याचे कळावे लागते. युरोपात कार्बन उत्सर्जनाच्या नियमांमुळे हीच गाडी मागची सीट काढून, दोन माणसांचे मालवाहू वाहन म्हणून विकावी लागली. १९७० साली एका नियमाने एक सीट घेतली होती. यावेळी दुसऱ्या नियमाने दोन घेतल्या.

जानेवारी २०२३मध्ये ग्रेटर नोएडाच्या वाहन प्रदर्शनात पाच दारांची जिम्नी दाखवली गेली आणि जूनपासून ती भारतात विक्रीला आली. येथे तिला अपेक्षेइतके ग्राहक लाभले नाहीत. गुरुग्रामच्या कारखान्यातून ती परदेशी जाऊ लागली. डिसेंबर २०२४मध्ये ओसामु सुझुकी निवर्तले. त्यानंतर महिनाभराने हीच भारतात बनलेली गाडी ‘जिम्नी नोमेड’ या नावाने जपानात जाहीर झाली. महिन्याला १,२०० गाड्या विकण्याचा बेत होता. अवघ्या चार दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली.