पत्राला मतपेटीचे उत्तर

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तेथे अँड्रोस्कॉगिन नदीच्या काठी लुइस्टन हे सदतीस हजारांहून अधिक वस्तीचे गिरणगाव वसले आहे. ज्यांनी आपले परळ-लालबाग पाहिले, त्यांना त्याची कहाणी परकी वाटणार नाही. नदीच्या पाण्यावर कापडाच्या गिरण्या चालू लागल्या. गिरण्यांना माणसे हवी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडातील क्विबेक प्रांतातून फ्रेंच बोलणारी कॅथलिक कुटुंबे आगगाडीने येऊन तेथे उतरू लागली.

त्यांना कोणी ओवाळून घरात घेतले नाही. भाषा निराळी, पंथ निराळा, राहणे दाटीवाटीचे! १९२० नंतरच्या दशकात तर कू क्लक्स क्लान या संघटनेने मेनमध्ये कॅथलिकांविरुद्ध रान उठवले. पण ही माणसे टिकून राहिली. ती नागरिक झाली, मते देऊ लागली आणि पुढे नगराध्यक्षाची खुर्चीही त्यांच्याकडे आली.

मग काळ पालटला. एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, भाड्याची घरे ओस पडली. अशा वेळी, २००१ च्या फेब्रुवारीत, गावात नवे पाहुणे आले. १९९१ साली आफ्रिकेतील सोमालियाचे सरकार कोसळले आणि यादवी पेटली. त्या आगीतून निसटून, केनियातील निर्वासितांच्या छावण्यांत वर्षे काढून, अमेरिकेत आलेली ही मुसलमान कुटुंबे. मोठ्या शहरांतून ती लुइस्टनला आली, कारण तेथे घरे स्वस्त होती आणि मुलांसाठी गाव शांत होते. दीड वर्षात त्यांची संख्या हजारावर गेली.

१ ऑक्टोबर २००२ रोजी नगराध्यक्ष लॉरियर रेमंड यांनी सोमाली वडीलधाऱ्यांना उघड पत्र लिहिले. गावावर फार ताण पडला आहे, तेव्हा तुमच्या माणसांना येण्याचा वेग कमी करायला सांगा, असा त्याचा आशय होता. गावाची तिजोरी भरलेली नव्हती हे खरे. पण पत्र लिहिणारे रेमंड स्वतः त्या फ्रेंच-कॅनेडियन वंशाचे होते! काल जे उंबऱ्याबाहेर उभे होते, तेच आज दाराची कडी धरून उभे राहिले.

पत्राने वादळ उठले. ११ जानेवारी २००३ रोजी गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुकारा करणाऱ्या एका टोळीने गावात सभा भरवली. तिला मूठभर माणसे जमली. त्याच दिवशी नवागतांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी बेट्स कॉलेजात सुमारे चार हजार लोक एकत्र आले.

परंतु सभा एका दिवसाची असते. मताचा अधिकार मिळवायचा तर आधी नागरिकत्व हवे, आणि त्यासाठी काही वर्षे वास्तव्य, इंग्रजी भाषा व राज्यकारभाराची परीक्षा. सोमाली माणसांनी ही वाट धरली. एकीकडे लिस्बन रस्त्यावरच्या बंद दुकानांच्या फळ्या त्यांनी उघडल्या. दुसरीकडे मतदारयादीत नावे चढू लागली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये साफिया खालिद ही तेवीस वर्षांची तरुणी लुइस्टनच्या नगरपरिषदेवर निवडून आली. सातव्या वर्षी ती निर्वासित म्हणून अमेरिकेत आली होती. निवडणुकीच्या आधी तिच्यावर शिव्याशापांचा वर्षाव झाला. ती मात्र दारोदार जाऊन मते मागत राहिली. त्या परिषदेवर बसणारी ती पहिली सोमाली. शेजारच्या भागात, साउथ पोर्टलंड येथे, २०२१ साली डेका धलाक या सोमाली बाई नगराध्यक्ष झाल्या.

पत्र आणि ही निवडणूक यांत सतरा वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात एक पिढी शाळा शिकून मोठी होते. आता खरी परीक्षा पुढेच आहे. उद्या आणखी कोणी तिसरे, थकलेभागले, त्या गावाच्या वेशीवर येतील. तेव्हा आज आत आलेली ही माणसे त्यांना पत्र लिहितील, की पाट मांडतील?

दिवाळीत आपण पणती उंबऱ्यावर ठेवतो. बाहेरून येणाऱ्यालाही ती दिसावी म्हणूनच ना?