विखुरलेलें कोठार आणि खासगी किल्ली

आपल्या लिखाणाविषयीं मनुष्याच्या इच्छा दोन असतात, आणि त्या एकमेकींशीं फारशा जुळत नाहींत. कांहीं कागद कधींहि नष्ट होऊं नयेत असें त्यास वाटतें. आणि त्यांपैकींच पुष्कळ कागद दुसऱ्या कोणाच्या दृष्टीस पडूं नयेत असेंहि वाटतें. पहिल्या इच्छेसाठीं प्रती वाढवाव्या लागतात, दुसरीसाठीं त्या कमी ठेवाव्या लागतात. कागदाच्या युगांत या दोहोंचा मेळ बसत नसे; जितक्या प्रती अधिक, तितके डोळे अधिक. गेल्या कांहीं वर्षांत 'क्रिप्टो' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या चळवळीनें असें आश्वासन दिलें आहे कीं, हा मेळ आतां बसला: आपला कागद जगभरच्या अनोळखी यंत्रांवर विखरून ठेवावा, तो कोणा एका कंपनीच्या वा सरकारच्या स्वाधीन असूं नये, आणि तरीहि तो वाचण्याची किल्ली धन्याच्याच हातीं राहावी. ज्यांच्या घरांतील मुलांचीं छायाचित्रें, दस्तऐवज आणि वैद्याचे अहवाल आज कपाटांत नसून दूरच्या कोणाच्या तरी यंत्रावर आहेत, अशा गृहस्थांस हें आश्वासन आकर्षक वाटावें हें स्वाभाविक आहे. तें कोठून आलें आणि त्यांतलें किती खरें ठरलें, याचा विचार आम्ही येथें ऐतिहासिक क्रमानें करणार आहों.

या कथेचा आरंभ नाण्यांत नाहीं. तो एका लहानशा टपालसेवेंत आहे. फिनलंडमध्यें योहान हेल्सिंगियस या गृहस्थानें १९९३ सालीं एक यंत्र चालविण्यास घेतलें. कोणींहि त्यावर पत्र पाठवावें, यंत्रानें पाठविणाराचें नांव काढून टाकावें, आणि पत्र पुढें धाडावें, एवढेंच त्याचें काम. परंतु उत्तर परत पोंचविण्यासाठीं खऱ्या नांवांची एक यादी त्या यंत्रांत ठेवणें भाग होतें. १९९५ सालीं सायंटॉलॉजी पंथाच्या तक्रारीवरून पोलिसांनीं त्या यादींतील एक नांव मिळविलें, आणि १९९६ च्या आगस्टांत हेल्सिंगियस यांनीं सेवाच बंद केली. त्यांच्या सचोटीविषयीं कोणास शंका नव्हती. दोष रचनेंत होता. सर्व गुपितें एका जागीं असलीं म्हणजे एक हुकूमनामा पुरतो.

केंब्रिजचे विद्वान रॉस अँडरसन यांनीं हा धडा ओळखला. त्याच वर्षीं प्राग येथें भरलेल्या एका परिषदेंत त्यांनीं 'इटर्निटी सर्व्हिस' म्हणजे चिरंतन सेवा या नांवाची योजना मांडली. त्यांच्या विचाराचें मूळ मुद्रणाच्या इतिहासांत होतें. चौदाव्या शतकांत विक्लिफच्या अनुयायांनीं इंग्रजींत आणलेलें बायबल हस्तलिखित होतें. त्याच्या प्रती शोधून प्रसार रोखणें सत्ताधाऱ्यांस पुष्कळ अंशीं शक्य झालें. टिंडेलचा नवा करार १५२६ सालीं छापून निघाला. त्याच्या प्रती विकत घेऊन जाळण्यांत आल्या, १५३६ सालीं टिंडेलचाहि वध झाला, पण पुस्तक कांहीं मेलें नाहीं. अँडरसन यांचें म्हणणें असें कीं, छापखान्यानें ग्रंथांस दिलेलें हें अभय संगणकाच्या युगांत पुन्हां हिरावलें जाण्याचा संभव आहे. कारण आतां मूळ प्रत एकाच यंत्रावर असते व बाकीचे केवळ तेथें जाऊन ती वाचतात. यावर उपाय असा कीं, लेखाचे अंश कूटलिपींत निरनिराळ्या देशांतील अनेक यंत्रांवर ठेवावे, कोणाकडे काय आहे हें त्या यंत्रांच्या धन्यांनाहि कळूं नये, आणि साठवणीचा मोबदला संगणकी नाण्यांत द्यावा. पुढील पंचवीस वर्षांची सर्व बीजें या एका निबंधांत आहेत. मात्र वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अँडरसन यांना प्रकाशित ग्रंथ अमर करावयाचा होता; खासगी कागद झांकणें हा त्यांचा मुख्य हेतु नव्हता.

झांकण्याची विद्या निराळ्या घराण्यांतून आली. १९७९ सालीं आदी शमीर यांनीं गुपिताची वांटणी कशी करावी यावर एक अगदीं छोटा निबंध लिहिला. त्यांतलें कोडें मनोरंजक आहे. अकरा शास्त्रज्ञांचे कागद एका कपाटांत आहेत, आणि कोणतेहि सहाजण जमले तरच तें उघडावें. साध्या कुलुपांनीं हें साधावयाचें तर कुलुपें ४६२ लागतात आणि प्रत्येकानें २५२ किल्ल्या बाळगाव्या लागतात. शमीर यांनीं तें काम शाळेंतल्या भूमितीवर आणून ठेवलें. एका बिंदूतून अगणित रेषा जातात, दोन बिंदूंतून एकच. गुपित हें रेषेवरचें एक ठराविक स्थान समजावें आणि तिच्यावरील इतर बिंदु एकेकास वांटावे. दोघे भेटले कीं रेषा सांपडते, एकट्याला मात्र कांहींच कळत नाहीं. रेषेऐवजीं वरच्या घाताची वक्ररेषा घेतली कीं दोघांऐवजीं सहाजणांची अट घालतां येते. पुढें १९८९ सालीं मायकेल राबिन यांनीं मोठा मजकूर तुकड्यांत विभागून, त्यांतले कांहीं हरवले तरी उरलेल्यांवरून तो पुन्हां उभा करण्याची काटकसरीची रीत दाखविली. येथून पुढें 'विखुरणें' याचा अर्थ 'नकला काढणें' एवढाच राहिला नाहीं.

दोन्ही विद्या एकत्र आणण्याचे प्रयोग २००० सालच्या सुमारास सुरू झाले. एडिंबरोच्या इयान क्लार्क या विद्यार्थ्याच्या कल्पनेंतून 'फ्रीनेट' निघालें. तेथें आपल्या यंत्रावर काय ठेवलें आहे हें ठेवणारालाच कळत नसे, मात्र ज्या मजकुराला मागणी नाहीं तो हळूहळू नाहींसा होई. म्हणजे तेथें गुप्तता होती, चिरंतनता नव्हती. त्याच सुमारास 'मोजो नेशन' या मंडळीनें जागा देणारास स्वतःच्या नाण्यांत मोबदला देण्याचा घाट घातला. तो व्यवहार लवकरच बंद पडला. पण तेथें काम केलेल्या ब्रॅम कोहेन यांनीं 'बिटटॉरेंट' निर्माण केलें, आणि झूको विल्कॉक्स यांनीं सहकाऱ्यांसह २००७ सालीं 'ताहो' नांवाचें कोठार रचलें. आमच्या मतें या सर्व इतिहासांत प्रामाणिक कारागिरीचा उत्तम नमुना हाच होय. त्यांत मजकूर आधीं धन्याच्याच यंत्रावर कूटलिपींत बदलतो, मग त्याचे दहा तुकडे होऊन दहा ठिकाणीं जातात, आणि त्यांतले कोणतेहि तीन मिळाले तरी मूळ मजकूर परत येतो. सात यंत्रें जळालीं तरी हानि नाहीं. दहाहि यंत्रांचे धनी फितूर झाले तरी त्यांना वाचतां येत नाहीं. खर्च म्हणाल तर मूळच्या सुमारें सव्वातीनपट जागेचा.

उरला होता तो एकच प्रश्न: अनोळखी मनुष्यानें आपले तुकडे वर्षानुवर्षें कां सांभाळावे? येथें नाण्याचा प्रवेश होतो. २००८ च्या आक्टोबरांत सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें बिटकॉइनची योजना प्रसिद्ध झाली व २००९ च्या जानेवारींत ती चालू झाली. पुष्कळांचा असा समज आहे कीं, ब्लॉकचेन म्हणजेच हें कोठार. तो चुकीचा आहे. ती एक जाहीर खतावणी आहे; तिची संपूर्ण नक्कल असंख्य यंत्रांवर असते, म्हणून तिच्यांत छायाचित्रें ठेवणें अतिशय महाग, आणि उघडी असल्यामुळें गुपितें ठेवणें मूर्खपणाचें. तिचा उपयोग करारनामा नोंदण्याचा व मोबदला चुकविण्याचा. २०१५ सालीं सुरू झालेल्या 'सिया'नें आणि २०२० च्या आक्टोबरांत उघडलेल्या 'फाइलकॉइन'नें हाच मार्ग धरला. साठवणारानें अनामत ठेवावी. मजकूर खरोखरच आपल्याकडे आहे याचा गणिती पुरावा त्यानें वारंवार द्यावा. तो चुकला तर अनामतीला चाट बसावी. कोतवालाचें काम गणितावर सोंपविणारी ही युक्ति खरोखर बुद्धिमत्तेची आहे, आणि तिचें श्रेय आम्ही हातचें राखून देत नाहीं.

परंतु पैसा आला तो एकटा आला नाहीं. फाइलकॉइनच्या नाण्यांच्या पूर्वविक्रींतून २०१७ सालीं सुमारें २५ कोटी ७० लक्ष डॉलर जमले. तेव्हां कोठार बांधून व्हावयास तीन वर्षें अवकाश होता. २०२१ च्या एप्रिलांत या नाण्याचा भाव दोनशें डॉलरांच्या वर गेला आणि २०२२ च्या अखेरीस तो तीन डॉलरांच्या आसपास आला. ज्या भाड्याच्या आशेनें कोणी आपले कागद सांभाळतो, तें भाडें असें हेलकावे खात असेल, तर त्या सांभाळण्याला चिरंतन म्हणणें धाडसाचें आहे. शिवाय तेथील करार मुदतीचे असतात. मुदत सरली आणि कोणीं पैसे भरले नाहींत, तर जबाबदारीहि सरते. २०१८ सालच्या 'आरवीव्ह'नें एकदांच रक्कम घेऊन कायमची साठवण देऊं केली, पण तिचा हिशेब साठवणीचा खर्च पुढेंहि सतत उतरत जाईल या गृहीतावर उभा आहे. तसेंच, विखुरलेलें म्हणजे गुप्तच असें वाचकांनीं मुळींच समजूं नये. फाइलकॉइन आपण होऊन मजकूर कूटलिपींत घालीत नाहीं. कुलूप लावण्याचें काम धन्याचें. जाहिरातींत एका दमांत उच्चारले जाणारे हे दोन गुण यंत्रांत निरनिराळे आहेत, ही गोष्ट जाहिरात सहसा सांगत नाहीं.

येथें आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतों. कुलूप लावलें, तुकडे विखुरले, सर्व यथासांग झालें असें मानलें, तरी अक्षयता व गुप्तता यांचें जुनें वैर संपलें असें आम्हांस वाटत नाहीं; तें केवळ पुढच्या काळावर ढकललें गेलें आहे. १९७७ सालीं अमेरिकन सरकारनें 'डीईएस' ही कूटपद्धति प्रमाण म्हणून स्वीकारली. १९९८ सालीं एका संस्थेनें मुद्दाम बांधलेल्या यंत्रानें तिची किल्ली ५६ तासांत शोधून काढली. १९७७ सालीं त्या कुलुपांत बंद करून कोणी आपलें पत्र कधींहि न पुसलें जाणाऱ्या कोठारांत ठेवलें असतें, तर एकवीस वर्षांनीं तें उघड्यावर पडलें असतें, आणि तें परत घेण्याचा मार्गहि उरला नसता. २००१ सालीं तिच्या जागीं आलेली 'एईएस' पद्धति आजहि भक्कम मानली जाते. तरीहि पुढें येऊं घातलेल्या क्वांटम संगणकांच्या भयानें किल्ल्यांची देवघेव करण्याच्या जुन्या पद्धति बदलण्यासाठीं अमेरिकेस २०२४ च्या आगस्टांत नवीं प्रमाणें प्रसिद्ध करावीं लागलीं. कपाटांतला कागद कुलूप जुनें झाल्यास दुसऱ्या कपाटांत हलवितां येतो; जगभर विखुरलेल्या अमर कागदास ती सोय नाहीं.

दुसरा प्रश्न पुसण्याच्या हक्काचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं पुट्टस्वामी खटल्यांत २४ आगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्णय दिला, आणि २०२३ सालीं संमत झालेल्या कायद्यांत व्यक्तीस आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क नमूद आहे. खासगीपणाचा अर्थ केवळ न दिसणें एवढाच नाहीं; नाहींसें करतां येणें हाहि त्याचाच भाग आहे. ज्या कोठाराचा अभिमान 'येथून कांहीं पुसलें जात नाहीं' हा आहे, त्यानें खासगीपणाचें पूर्ण आश्वासन देऊं नये.

तिसरा प्रश्न किल्लीचा, आणि गृहस्थांस तोच सर्वांत जवळचा आहे. वेल्समधील न्यूपोर्ट येथें २०१३ सालीं एका गृहस्थाची जुनी तबकडी कचऱ्यांत गेली. तिच्यावर हजारों बिटकॉइनांची किल्ली होती. खतावणींत तीं नाणीं आजहि जशींच्या तशीं आहेत. फक्त तीं कोणाचींच नाहींत. खासगी किल्लीच्या कोठारांतहि हाच न्याय लागू होतो. कंपनीच्या दारीं निदान तक्रार नेतां येते. येथें दारच नाहीं. घरचा कर्ता पुरुष अकस्मात् गेला आणि किल्ली कोणास सांगून गेला नाहीं, तर मागें राहिलेल्यांचे कागद सुरक्षित राहतात खरे, पण त्यांच्यापासूनहि.

मग ही सारी खटपट व्यर्थ काय? आमचें उत्तर 'नाहीं' असें आहे. एका यादीवर, एका यंत्रावर, एका मालकावर सर्व कांहीं सोंपविण्याचा धोका हेल्सिंगियस यांच्या अनुभवानें दाखवून दिला. तो आजहि तितकाच खरा आहे, आणि त्यावरील उपाय शोधणाऱ्यांचे आपण ऋणी आहों. चूक झाली ती एवढीच कीं, विश्वासाची गरज संपली अशी दवंडी पिटली गेली. विश्वास संपला नाहीं. तो कंपनीकडून गणिताकडे, नाण्याच्या भावाकडे आणि सरतेशेवटीं घरांतल्या माणसांकडे गेला. म्हणून या कोठाराचा उपयोग करणारानें कुलूप स्वतः लावावें. जें पुढेंमागें पुसावेंसें वाटेल तें अमर कोठारांत ठेवूं नये. आणि किल्लीची शमीर यांच्या रीतीनें घरांतल्या तिघांत अशी वांटणी करावी कीं, कोणतेहि दोघे मिळून ती जुळवूं शकतील. १९७९ सालच्या त्या छोट्या निबंधांत अकरा शास्त्रज्ञ एकमेकांवर पूर्ण विश्वास न ठेवतांहि एकत्र काम करीत होते. घरांत तेवढ्या अविश्वासाची जरूर नसते. पण एकमेकांस कांहीं तरी सांगून ठेवण्याची जरूर मात्र असते, आणि तें काम कोणतेंहि यंत्र आपल्याऐवजीं करणार नाहीं.