भूकंपोत्तर गवंडीकामाचे शिक्षण : जिल्ह्याच्या इतिहासातील एक अध्याय

धाराशिव जिल्ह्याचा इतिहास लिहिताना तेरची प्राचीन बाजारपेठ, नळदुर्गचा किल्ला व तुळजाभवानीचे क्षेत्र यांचा उल्लेख सहसा चुकत नाही. गवंड्याच्या थापीचा मात्र राहून जातो. म्हणून हा अल्प प्रयत्न.

दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर जिल्ह्याबरोबर आपल्याकडील सास्तूर व आसपासची गावे उद्ध्वस्त झाली. साडेसात हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील बहुतेक स्वतःच्याच घराखाली. आपल्याकडील जुनी भिंत चांगली रुंद. आतबाहेर दगडांचे दोन पदर व मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही पदरांस सांधणारा आरपार दगड बहुधा नसे. वर माळवदाच्या मातीचा भार. हादऱ्यासरशी पदर सुटले व माळवद खाली आले. जेथे खणांची लाकडी चौकट भक्कम होती, तेथे भिंती ढासळूनही छत तगल्याची उदाहरणे आढळली.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने पुनर्वसन हाती घेतले. नव्या वसाहतींची चर्चा पुष्कळ झाली. आमच्या मते त्याहून मोलाचे कार्य दुरुस्ती व मजबुतीकरणाचे होते, कारण तेथे घरधन्यानेच काम करवून घ्यावयाचे होते. साहजिकच प्रश्न उभा राहिला तो शिक्षणाचा. बापाच्या हाताखाली ओळंबा धरून वाढलेल्या गवंड्यास फळ्यावरील आकृतीने काय शिकवावे? घणाचा घाव न घालता दगड हलक्या हाताने सैल करावा, भिंतीस आरपार छिद्र पाडावे, त्यात सळई ठेवून काँक्रीट भरावे, ही रीत उभ्या भिंतीपाशीच शिकण्याजोगी आहे. खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरपा आधार देणे किंवा माळवदावरील माती उतरविणे, यांविषयीही तेच म्हणता येईल.

याहून नवी गोष्ट पुढेच आहे. श्रीमती प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. साहाय्याचे नियम घरोघर समजावून सांगणे, अभियंत्यास गाठणे, साहित्याची प्रत पाहणे, भूकंपरोधक बांधणी खरोखरच होते की नाही यावर नजर ठेवणे, ही त्यांची कामे. बांधकामावर पिढ्यान्‌पिढ्या पाटी वाहणाऱ्या स्त्रीस प्रथमच गवंड्याला जाब विचारण्याचा अधिकार लाभला. आणि जाब विचारावयाचा तर तंत्र कळावेच लागते. निराळी शिकवणी कशाला हवी! काही स्त्रियांनी पुढे स्वतः थापीही हाती घेतली. हा बदल सर्वत्र सुखासुखी स्वीकारला गेला असेल, असे मानण्याचे कारण नाही.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले. तेव्हा लातूर-उस्मानाबादकडील याच अनुभवी स्त्रिया गुजरातेत गेल्या आणि घर पुन्हा कसे उभारावे, हे तेथील भगिनींस सांगू लागल्या.