पडद्यावरच्या विमानाखालची जमीन

घरच्या संगणकावर विमान उडवण्याचा इतिहास बहुधा विमानांच्या अंगाने सांगितला जातो. कॉकपिट किती हुबेहूब झाले, इंजिनाचा आवाज कसा सुधारला वगैरे. पण खरा बदल विमानाखालच्या जमिनीत झाला. त्या जमिनीवर चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल फार उशिरा उगवले.

ब्रूस आर्टविक यांनी 1975 साली इलिनॉय विद्यापीठातील प्रबंधात दाखवून दिले, की लहान संगणकही उड्डाणाचे हलते दृश्य काढू शकतो. 1979च्या सुमारास त्यांच्या सबलॉजिक कंपनीचा खेळ ॲपल टू संगणकावर आला. त्यातली जमीन म्हणजे काही सरळ रेषा होत्या. 1982मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएम पीसीसाठी बाजारात आणला. उड्डाण शिकागोच्या मेग्ज फील्डवरून व्हायचे आणि जग अमेरिकेतल्या मोजक्या शहरांभोवती संपायचे. फ्लॉपीवर त्याहून जास्त मावतही नव्हते. नवा प्रदेश हवा असेल तर वेगळी डिस्क विकत घ्यावी लागे. डिस्क कुठल्या प्रदेशाची काढायची, हे गिऱ्हाईक कुठे आहे यावर ठरणारच.

फेब्रुवारी 2000मध्ये चित्र पालटले. एंडेव्हर अंतराळयानाने 11 दिवस रडार फिरवून पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली आणि ती आकडेवारी पुढे सर्वांसाठी खुली झाली. फ्लाइटगिअरसारख्या फुकट आणि एक्स-प्लेनसारख्या विकतच्या सिम्युलेटरांनी ती वापरली. भामरागडच्या डोंगररांगांना पडद्यावर खरी उंची मिळाली ती अशी. गिऱ्हाईक असो वा नसो, रडारने सगळ्यांना मोजले होते.

2020च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरने उपग्रह आणि विमानातून काढलेली छायाचित्रे त्यावर पसरली. ही माहिती 2 पेटाबाइटहून अधिक. ती घरच्या संगणकात मावत नाही, उड्डाण चालू असताना इंटरनेटवरून येत राहते. वर्धा-वैनगंगेचा संगम आता घरबसल्या वरून पाहता येतो. अर्थात महागडा संगणक आणि वेगवान इंटरनेट असेल तर. नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागणाऱ्या गावातल्या मुलाला स्वतःचेच गाव धूसर दिसणार.

दुसरी अडचण झाडांची. छायाचित्रात झाडांचे शेंडे दिसतात, त्यांखालची घरे दिसत नाहीत. झाडे आणि इमारती प्रोग्राम अंदाजाने उभ्या करतो. खुल्या नकाशात कुणीतरी 2 मजल्यांऐवजी 212 लिहिले, तर मेलबर्नच्या उपनगरात सुईसारखा मनोरा उभा राहिला. लोक त्यावर हसले. पण मोहाच्या सावलीतला पाडा पडद्यावर आलाच नाही, तर तो राहून गेला हे कुणाच्या लक्षात येणार?

चंद्रपूरजवळ मोरव्याला खरी धावपट्टी आहे आणि वैमानिक होण्याचे स्वप्न पाहणारी मुले इथेही आहेत. त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते आणि घरच्या खेळातले तास त्यात धरले जात नाहीत. दिशा, उंची, उपकरणांची भाषा मात्र त्यातून कळू लागते.

आणखी एक काम तर आजच करता येईल. ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा कुणीही भरू शकतो. आपला रस्ता, आपली शाळा, आपला पाडा त्यावर नोंदवायला वैमानिक असावे लागत नाही. चाळीस वर्षे आपली जमीन दुसऱ्यांनी रेखाटली. आता ती आपणही रेखाटू शकतो.