जुन्या वस्तूंची देवघेव: महाराष्ट्रातील एका घरगुती अर्थव्यवहाराचा इतिहास

घरातील नकोशा वस्तूंचे काय करावे हा प्रश्न आज नागरी व्यवस्थापनाचा मानला जातो. परंतु यंत्रयुगातील स्वस्त माल घरोघरी पोहोचण्यापूर्वीच्या मराठी कुटुंबात तो या स्वरूपात क्वचितच उभा राहत असे. कापड, धातू आणि कागद या तिन्ही जिनसा महाग असल्यामुळे वस्तू जीर्ण झाली तरी तिच्यातील द्रव्याचे मोल शिल्लक राहत होते, आणि ते वसूल करण्याच्या निश्चित रीती व त्यांवर पोट भरणारे निश्चित व्यवसाय समाजात रूढ होते.

कापडाचा प्रवास सर्वांत लांबचा होता. नऊवारी लुगडे विरले की त्याच्या धडक्या भागातून तान्ह्या मुलांची दुपटी आणि झबली निघत, उरलेल्या भागांचे थर एकावर एक रचून व धावदोरा घालून गोधडी शिवली जाई, हिलाच काही भागांत वाकळ म्हणतात, आणि गोधडीही फाटली की तिचे पोतेरे होई. घराबाहेर पडलेल्या चिंध्यांनाही गिऱ्हाईक होते. जुन्नर, दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा येथे हातकागद करणारे कागदी लोक चिंध्या, जुनी गोणपाटे आणि रद्दी भिजवून कुटत व त्या लगद्यापासून नवा कागद घडवत. गिरण्यांच्या कागदापुढे हा धंदा खालावला, तरी त्यामागची दृष्टी लोपली नाही. ग्रामोद्योगांच्या चळवळीतून 1940 मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या हातकागद संस्थेनेही सुती चिंध्यांनाच कच्चा माल मानले.

धातूच्या भांड्यांची व्यवस्था याहून काटेकोर होती. तांब्या-पितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतात, म्हणून कल्हईवाला ठराविक काळाने दारी येई आणि भात्याने फुलवलेल्या विस्तवावर भांडे तापवून, नवसागराने त्याचा पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर कथलाचा पातळ थर चढवी. भांडे दुरुस्तीपलीकडे गेले की ते मोडीत घातले जाई, म्हणजे त्याच्या घडणावळीचा विचार न करता केवळ धातूच्या वजनावर किंमत ठरे. तांबट किंवा भांड्यांचा व्यापारी ही मोड घेऊन नव्या भांड्याच्या किमतीतून तेवढी रक्कम वजा करी. लग्नात मिळालेला हंडा अशा रीतीने एखाद्या कुटुंबाची बचतही ठरत असे.

या साऱ्या व्यवहारात दानापेक्षा मोबदल्याला अधिक स्थान होते, आणि त्याची मुळे धर्मकल्पनेतही सापडतात. कठोपनिषदाच्या आरंभी वाजश्रवस हा यज्ञकर्ता दूध न देणाऱ्या, थकलेल्या गाई दान करतो आणि त्याचा मुलगा नचिकेता त्या पाहून अस्वस्थ होतो. आपल्याला नकोसे झालेले देणे म्हणजे दान नव्हे, हा विचार त्या कथेइतका जुना आहे. तरीही जुने आणि उष्टे देण्याची एक रीत समाजात होतीच, मात्र ती जातीच्या उतरंडीवरून खाली वाहत होती. गावगाड्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वाट्याला शिळे अन्न, मेलेली जनावरे आणि प्रेतावरचे वस्त्र ‘हक्क’ म्हणून येई, आणि तो हक्कच त्यांच्या हीनत्वाची खूण ठरवला जाई. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरातील महाडच्या परिषदेच्या वेळी स्त्रियांना आपल्या वेशातून ही हीनत्वाची ओळख पुसून टाकण्यास सांगितले. टाकाऊ वस्तूच्या देण्यात घेणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न किती खोलवर गुंतलेला असतो, हे या घटनांइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

शहरांत या प्रश्नाला वेगळे वळण देणारी व्यावसायिक म्हणजे बोहारीण. जुन्या कपड्यांच्या बदल्यात नवी भांडी देणारी ही फेरीवाली मुंबई-पुण्यात बहुधा देवीपूजक, म्हणजे पूर्वी वाघरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मूळच्या गुजरातेतील समाजातली असे. स्वातंत्र्योत्तर काळात स्टेनलेस स्टीलची भांडी मध्यमवर्गीय घरांत आली तेव्हा अनेक गृहिणींनी ती रोख पैशाने न घेता साड्या, पँटी आणि शर्ट देऊन बोहारणीकडून जमवली. उंबरठ्यावर बसून एकेक कपडा उलटसुलट पाहत होणारी ही घासाघीस दोन्ही बाजूंच्या स्त्रियांच्या व्यवहारज्ञानाची कसोटी असे. घेणारी येथे याचक नव्हती, ती सौदा नाकारूही शकत होती. गोळा केलेले कपडे पुढे धुऊन, रफू करून कष्टकऱ्यांच्या बाजारात विकले जात आणि अगदीच फाटलेले सुती कापड यंत्रे पुसण्यासाठी कारखान्यांत जाई. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार हीदेखील अशाच दुसऱ्या वापराची केंद्रे होत.

कागद, काच आणि पत्रा यांची साखळी मात्र अधिक कष्टाची आणि अधिक उपेक्षित राहिली. रद्दीवाला घरातून वजनावर माल घेई, पण जे कचऱ्यातच पडले ते वेचण्याचे काम पुण्यात प्रामुख्याने दलित स्त्रियांच्या वाट्याला आले, आणि त्यांपैकी अनेकींची कुटुंबे 1972 च्या दुष्काळाने गाव सोडून शहरात आलेली होती. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्यांचा या स्त्रियांशी संबंध आला आणि कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने 1993 मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना स्थापन झाली. पुढे महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाल्यामुळे पोलिसांचा ससेमिरा आणि चोरीचा संशय यांपासून त्यांना काही प्रमाणात संरक्षण लाभले. 2008 पासून ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली, आणि 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. आता ‘स्वच्छ’चे सभासद जुने कपडे, बिघडलेली विद्युत उपकरणे आणि फर्निचर घेण्याचीही सोय करतात.

दानाच्या कल्पनेतही याच काळात दुरुस्ती होत गेली. दिल्लीत 1999 मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने शहरातील जुने कपडे गावांत फुकट वाटण्याऐवजी गावकऱ्यांनी स्वतः ठरवलेल्या सामुदायिक कामाचा, उदाहरणार्थ विहीर किंवा रस्ता दुरुस्तीचा, मोबदला म्हणून देण्याची पद्धत रुजवली. बोहारणीच्या सौद्यातले तत्त्व येथे सार्वजनिक कार्यात उतरलेले दिसते, कारण दोन्हीकडे घेणारा मोबदला देऊन घेतो.

या इतिहासाचा निष्कर्ष आजच्या घरांनाही लागू पडतो. जुनी वस्तू देताना ती धुतलेली, दुरुस्त आणि खरोखर वापरण्याजोगी असावी, घेणाऱ्याला तिची गरज आहे की नाही हे आधी विचारावे, आणि जे वापरण्याजोगे नाही ते वेगळे करून वेचकांच्या हाती सन्मानाने व योग्य शुल्कासह सोपवावे. वस्तूचे आयुष्य वाढवणारे हात ज्या समाजात उपेक्षित राहतात, त्या समाजाला काटकसरीचा अभिमान बाळगण्याचा अधिकार नाही.