मांजराची मजुरी

मांजर आडवे गेले की आपण थबकतो; आणि ते हातून मेले, तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते म्हणतो. या भीतीपलीकडचा मांजराचा एक इतिहास आपल्या वऱ्हाडातच घडला आहे.

१८९६ साली प्लेग मुंबईत आला आणि देशभर पसरला. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले की, हा रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे फैलावतो. पुढे अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनी गावोगावची मांजरे मोजविली. मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, असे मत त्यांनी १९०८ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले. मांजरालाही प्लेग होतो, हे आज आपण जाणतो. म्हणून तो उपाय पुरा नव्हता. पण दाणे तेथे उंदीर आणि उंदीर तेथे मांजर, हा हिशेब खोटा नव्हे.

मी मजुरीसाठी भांडणारा माणूस. उपाशी मांजर उंदीर जास्त मारते, हे म्हणणे मला मालकाच्या तोंडचे वाटते. पोट भरलेले मांजरही शिकार करते. उपाशी मात्र आधी दुधाच्या पातेल्यात तोंड घालते आणि मार खाते. मारल्याने ते शहाणे होत नाही, फक्त आपल्याला भिऊन लपते. वेळेवर अन्न, स्वच्छ पाणी, रोज साफ केलेली वाळूची पाटी आणि नखे घासायला पोते गुंडाळलेला खुंट, एवढे दिले की गादी वाचते, घरही नीट राहते.

ज्याच्याकडून पहारा घेतला, त्याची मजुरी बुडवू नये. मग तो माणूस असो की मांजर.