भूल कोण देणार? निजामाच्या राज्यातला क्लोरोफॉर्म आणि आपला जिल्हा

ऑपरेशन ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, डॉक्टर कोण? दुसरा, खर्च किती? भूल कोण देणार, हे परभणीत काय किंवा गंगाखेड-जिंतूरला काय, सहसा कुणी विचारत नाही. या न विचारलेल्या प्रश्नालाही इतिहास आहे, आणि तो परभणीकरांना वाटतो तेवढा परका नाही.

सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हा हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. आपल्या काळ्या मातीचा शेतसारा निजामाच्या खजिन्यात जात होता. त्याच खजिन्यातून १८८९ साली १,००० पौंड बाहेर निघाले, ते क्लोरोफॉर्मच्या एका भांडणासाठी. त्यात परभणीचे किती, हे कोण सांगणार! पण हा आपल्याच राज्याचा खर्च होता, एवढं म्हणायला हरकत नाही.

भांडण काय होतं ते आधी पाहू. १८४६ मध्ये अमेरिकेत बोस्टनला मॉर्टनने ईथरची भूल जाहीरपणे दाखवली. पुढच्याच वर्षी एडिंबरोला सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणला. वास बरा, मात्रा थोडी लागते, भूल लवकर चढते. पण १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली, तेही दोन-तीन मिनिटांत. म्हणजे बघा, किरकोळ ऑपरेशन, धडधाकट पोर, आणि मृत्यू. असे मृत्यू पुढे होतच राहिले. मग वाद पेटला: आधी श्वास थांबतो की आधी हृदय? वाद पुस्तकी नव्हता. भूल देणाऱ्याने नजर छातीच्या भात्यावर ठेवायची की बोटं नाडीवर, हे त्याच्यावर ठरणार होतं.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या साइम यांचे शिष्य. साइम यांची शिकवण होती, श्वासावर लक्ष ठेवा. लॉरींचा त्यावर धर्मासारखा विश्वास. ते हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचेही प्रमुख होते. ही शाळा १८४६ पासूनची आणि पहिली कित्येक वर्षं तिथलं शिक्षण उर्दूतून चालत असे, हे मुद्दाम सांगायला हवं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पाठिंब्याने लॉरींनी १८८८ मध्ये पहिला क्लोरोफॉर्म कमिशन भरवला. निष्कर्ष त्यांच्या मनासारखा आला: धोका श्वासाला, हृदयाला नाही. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने शंका काढली. तेव्हा निजाम म्हणाले, माणूस पाठवा, खर्च आमचा. ते हे १,००० पौंड.

‘लॅन्सेट’तर्फे आले लॉडर ब्रंटन, औषधशास्त्रातलं त्या काळचं मोठं नाव. क्लोरोफॉर्म हृदयावरही घाला घालू शकतो, असं मानणारे. हैदराबादेत चारशेहून जास्त जनावरांवर, कुत्री, माकडं, शेळ्या यांच्यावर प्रयोग झाले. ब्रंटन यांचं मत बदललं. दुसऱ्या कमिशननेही तेच सांगितलं: श्वास सांभाळा, हृदय आपोआप सांभाळलं जाईल.

पण ते पूर्ण खरं नव्हतं. १८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी प्रयोग करून उलट निष्कर्ष काढला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मची भूल अर्धवट असताना शरीरात ॲड्रेनॅलिन उसळलं, तर हृदयाचे ठोके एकदम विस्कटतात आणि जीव जातो. घाबरलेल्या, हातपाय झाडणाऱ्या रुग्णाच्या अंगात ॲड्रेनॅलिन असतंच. हॅनाचंही तसंच झालं असावं, असं पुष्कळ जण मानतात.

आमच्या मते लॉरींचा सिद्धांत चुकला, पण त्यांच्याकडची सवय चुकली नाही. एक माणूस फक्त भूल आणि श्वास बघणार, चाकूकडे बघणार नाही, ही ती सवय. त्या कामात एक बाईही तयार झाली. रूपाबाई फर्दुनजी, पारशी घरातल्या. १८८५ मध्ये हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या, १८८९ मध्ये उत्तीर्ण झाल्या आणि क्लोरोफॉर्म देण्यात त्यांनी नाव कमावलं. १९०९ च्या सुमारास, वयाने तरुण नसताना, त्या भौतिक आणि रसायन शिकायला एडिंबरोला गेल्या, कारण भुलेचा वायू नीट कळावा. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. मराठवाड्यातल्या किती शाळांत हे नाव घेतलं जातं?

श्वास की नाडी, हे भांडण शेवटी मिटवलं एका चिमट्याने. १९७० च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी ज्या तत्त्वाचा शोध लावला, त्यावर पल्स ऑक्सिमीटर उभा राहिला. बोटाला लावला की रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी एकाच वेळी दिसतात. कोरोनात आपण सगळ्यांनी तो घरी वापरलाच. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनच्या सुरक्षिततेसाठी जी तपासणी यादी आणली, तिच्यात भूल देण्याआधीच विचारलेलं आहे: ऑक्सिमीटर लावला का, आणि तो चालू आहे का? त्याच टप्प्यावर ॲलर्जी, श्वासमार्ग अवघड आहे का, रक्तस्रावाचा धोका किती, हेही.

पण चिमटा फक्त आकडा दाखवतो. आकडा घसरला की हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करणारा, नळी घालणारा माणूस लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी अडतं ते इथे. तालुक्याला सर्जन असतो, टेबल असतं, दिवा असतो, आणि भूलतज्ज्ञ मिळाला नाही म्हणून अडलेली बाळंतीण रात्रीची नांदेडच्या वाटेला लागते. साध्या एमबीबीएस डॉक्टरांना भुलेचं खास प्रशिक्षण देण्याची सरकारी योजना याच अडचणीतून निघाली. काहींना ती तडजोड वाटते. आम्हाला वाटतं, रिकाम्या खुर्चीपेक्षा ती बरी, फक्त शिकलेल्याचं पुढे काम चालू राहिलं पाहिजे, नाहीतर हात विसरतो.

परभणीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. तिथली पोरं-पोरी भूलशास्त्र शिकतील तेव्हा हैदराबाद कमिशन हे नाव त्यांच्या कानावर येईलच. तो पैसा कोणाच्या शेतातून गेला होता, हे त्यांना बहुधा कुणी सांगणार नाही. आपल्यापैकी कुणाच्या घरी ऑपरेशन ठरलंच, तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाला भेटायचं. दम्याचं, बीपीचं, चालू गोळ्यांचं सांगायचं, मागच्या भुलेत त्रास झाला होता का ते सांगायचं, आणि उपाशी राहायला सांगितलं असेल तर चहासुद्धा घ्यायचा नाही.